शालीच्या आधीचं सूत : शेटलंड बेटांवरच्या कातणाऱ्या बायका



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने लोकरीच्या शालीवर बोलायला बसावं, याचं काहींना आश्चर्य वाटलं असेल. पण आपल्या न्यायदर्शनाचा निम्मा संसार कापडाच्या दुकानात चालतो, हे विसरू नका. उरलेला निम्मा कुंभाराकडे. घट आणि पट, या दोन शब्दांवाचून नैयायिकाचं पान हलत नाही. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' ज्यांनी वाचला असेल, त्यांना कारणांचे तीन प्रकार आठवतील. कापड हे कार्य धरलं, तर सूत हे त्याचं समवायी कारण, म्हणजे ज्यात ते कार्य राहतं ते. सुतांचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायी कारण. आणि माग, धोटा, विणकर ही सगळी निमित्त कारणं.

शिकवताना हे उदाहरण मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिलं. त्यातली एक गोष्ट आज तुमच्यासमोर ठेवायची आहे. या उदाहरणात सूत आधीपासून तयार असतं. ते विणकराच्या हाताशी येऊन पडलेलं असतं. कुणी कातलं, किती दिवस कातलं, त्या कातण्याचे किती पैसे मिळाले, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. शास्त्राच्या दृष्टीने ते ठीक आहे, शास्त्राला तेवढ्याचीच गरज होती. पण इतिहास लिहिणाऱ्यांनीही तेच केलं. कापडाचा इतिहास मागापासून सुरू होतो, विणलेल्या वस्त्राचा सुयांपासून. त्याआधीचं सूत म्हणजे कच्चा माल, एवढ्यावर विषय संपतो.

आज मी एका अशा ठिकाणची गोष्ट सांगणार आहे, जिथे सुताला कच्चा माल म्हणून चालत नाही. तिथे वस्तूचा निम्म्याहून अधिक निकाल सुतातच लागत होता. आणि सूत कुणाच्या मालकीचं, यावर विणणारीच्या घरात पैसा येणार की नुसता चहा, हेही ठरत होतं.

ठिकाण आहे शेटलंड. स्कॉटलंडच्याही उत्तरेला, साठ अंश अक्षांशाच्या आसपास, समुद्रात विखुरलेली शंभरेक बेटं. त्यातल्या जेमतेम सोळा बेटांवर माणसं राहतात. ही बेटं मुळात नॉर्वे-डेन्मार्कच्या राजाची. १४६९ साली आपल्या मुलीच्या, मार्गारेटच्या लग्नात हुंड्याची रक्कम उभी करता आली नाही, म्हणून त्याने ती स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेवली आणि ती कधी सोडवलीच गेली नाहीत. मुंबई जशी पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात आंदण गेली, तसाच हा प्रकार. बेटांच्या नशिबात राजकन्यांची लग्नं फार असतात.

तिथे झाड नाही म्हटलं तरी चालेल. वारा, पीट नावाची जळाऊ माती, थोडीशी शेती, समुद्र आणि मेंढ्या. पुरुष मासेमारीला जात. सहा वल्ह्यांच्या उघड्या होड्या घेऊन किनारा दिसेनासा होईपर्यंत लांब जायचं, अशी ती मासेमारी. १८८१च्या जुलैमध्ये एका रात्रीच्या वादळात दहा होड्या आणि ५८ माणसं गेली. यातली बरीचशी येल या एकाच बेटावरच्या ग्लूप नावाच्या बंदरातून निघालेली. अशा ठिकाणी घर, गुरं, शेत आणि हाती चार पैसे येतील असं काही काम, हे सगळं बायकांकडे असणार हे उघड आहे. ते काम म्हणजे विणकाम.

इथे भाषेची एक अडचण दूर करू. मराठीत मागावर कापड करणं हेही विणणं आणि दोन सुयांवर स्वेटर करणं हेही विणणंच. मी यापुढे विणणं म्हणेन ते सुयांवरचं. दोन्हींत फरक मोठा आहे. मागावर शेकडो सुतं उभी असतात, आडवी सुतं त्यांच्यातून जातात. एक तुटलं तर शेजारची सांभाळून घेतात. सुयांवरच्या विणकामात मुळात एकच सूत असतं. तेच वळून वळून स्वतःच्याच फाशात अडकत जातं. लांबी संपली की नवं जोडायचं, पण तत्त्वतः ते एकच. म्हणजे आपला नैयायिक इथे थोडा अडखळेल. सुतांचा परस्परसंयोग म्हणायचं, तर दुसरं सूत कुठे आहे? एका सुताचा स्वतःशीच संयोग. आणि म्हणूनच इथे सुताची जबाबदारी जबर असते. एका ठिकाणी ते कच्चं असलं, की तिथला टाका सुटतो आणि खालपर्यंत ओघळत जातो.

शेटलंडमध्ये विणकाम जुनं आहे. सतराव्या-अठराव्या शतकात हेरिंग मासे धरायला डच लोकांचे शेकडो गलबतांचे ताफे तिथे येत, आणि या बायका त्यांना जाडेभरडे लोकरीचे मोजे विकत. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात हा व्यापार खालावला. इंग्लंडात मोजे विणायची यंत्रंही होतीच. जाड मोज्याला कुणी विचारेना. तेव्हा १८३० ते १८५० या काळात, मुख्यतः अन्स्ट या सगळ्यांत उत्तरेकडच्या बेटावर, एक वेगळंच काम पुढे आलं. ते म्हणजे जाळीदार शाली. आपण लेस म्हणतो तशा, पण सुयांवर विणलेल्या आणि लोकरीच्या.

त्यांचा बोलबाला व्हायला बाहेरची माणसं कारण झाली. एडवर्ड स्टँडन नावाचा ऑक्सफर्डचा व्यापारी १८३९मध्ये तिथे आला आणि त्याने हा माल इंग्लंडच्या बाजारात नेला. दुसरा आर्थर अँडरसन. हा शेटलंडचाच. लहानपणी किनाऱ्यावर मासे वाळवण्याच्या कामाला असलेला पोरगा. पुढे पी. अँड ओ. या आगबोट कंपनीचा एक संस्थापक झाला. मुंबईच्या जुन्या मंडळींना हे नाव सांगायला नको. सुएझ-मुंबई टपालाच्या बोटी १८५४पासून याच कंपनीच्या. तर या अँडरसनने १८३७मध्ये नव्याने गादीवर आलेल्या व्हिक्टोरिया राणीला शेटलंडचे तलम मोजे नजर केले. राणीने वापरलेली वस्तू म्हटल्यावर पुढे काय होतं, ते तुम्ही जाणता. बघता बघता शेटलंडची शाल ही इंग्रज घरंदाज बाईच्या कपाटातली वस्तू झाली.

त्यांतली सर्वांत नावाजलेली शाल म्हणजे लग्नाच्या अंगठीतून आरपार निघणारी. जवळजवळ दोन वार लांब आणि तितकीच रुंद शाल चिमटीत धरून अंगठीतून ओढायची, ती सरसर निघून येते. तुम्ही म्हणाल, हे तर आमच्या ढाक्याच्या मलमलीबद्दलही सांगतात, काश्मीरच्या शहातूशबद्दलही सांगतात. बरोबर आहे. पण ती मागावरची वस्त्रं. इथे सुयांवर विणलेली शाल त्या कसोटीला उतरते, आणि तीही मेंढीच्या लोकरीची.

आता ही शाल होते कशी ते पाहू. यात माझा मुद्दा दडलेला आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

सुरुवात मेंढीपासून. शेटलंडची मेंढी लहान चणीची आणि जुन्या वाणाची असते. उन्हाळा लागला की तिची लोकर मुळाशी आपोआप सैल पडते. आपल्याकडे धनगर लोकर कातरीने कातरतात. तिथे ती हाताने अलगद उपटून घेत, मेंढीला न दुखवता. याचा फायदा असा की केसाला कातरीचं बोथट टोक येत नाही, मुळाकडचं टोकही निमुळतंच राहतं, आणि आखूड तुकडे मध्ये येत नाहीत. मग निवड. सगळ्या अंगावरची लोकर सारखी नसते. मानेची आणि खांद्याची सगळ्यांत मऊ आणि बारीक. शालीला फक्त ती घ्यायची. म्हणजे एका मेंढीवर शालीच्या कामाची लोकर मूठभरच. बाकीची मोज्यांना आणि अंथरुणा-पांघरुणाला.

पुढे जाड सुतासाठी लोकर पिंजतात. त्यात केस कसेही आडवेतिडवे राहतात, हवा खेळती राहते आणि सूत फुगीर होतं. शालीच्या सुतासाठी पिंजायचं नाही, विंचरायचं. लहान मुलीचे केस फणीने विंचरावेत तसे सगळे केस एका दिशेला, समांतर. आखूड केस फणीत अडकून बाजूला पडतात, लांब तेवढे उरतात. मग ते चरख्यावर कातायचं. शेटलंडचा चरखा उभा, आटोपशीर आणि पायाने चालवायचा असतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. एका हाताने केस सोडत जायचे, दुसऱ्याने मागून येणारा पीळ अडवून धरायचा. तुमच्यापैकी ज्यांनी शाळेत टकळीवर पेळू कातला असेल, त्यांना हे बोटांनीच समजेल. पेळूतून थोडा जास्त कापूस सुटला की गाठ पडते, थोडा कमी सुटला की तुटतं. त्या दोन्हींच्या मध्ये एक अरुंद वाट आहे. त्या वाटेवरून किलोमीटरच्या किलोमीटर चालत राहायचं, याला कातणं म्हणतात.

किलोमीटर म्हणालो ते अतिशयोक्तीने नव्हे. एक ढोबळ हिशेब करून पाहू. हा हिशेब माझा, केवळ अंदाज यावा म्हणून. समजा शालीचं वजन ७० ग्रॅम आहे, आणि तिला चार किलोमीटर सूत लागलं. हे सूत दुपदरी असतं. म्हणजे एकेरी सूत आठ किलोमीटर. तासाला १५० मीटर इतकं बारीक सूत कातणारी बाई कुशलच म्हणायची. तरी नुसत्या कातण्याला पन्नासाहून जास्त तास गेले. उपटणं, निवडणं, विंचरणं आणि दोन पदर एकत्र पिळणं वेगळंच.

आणि बारीक म्हणजे किती? लोकरीचा मऊ केस साधारण २०-२५ मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वरच्या हिशेबातलं एकेरी सूत कुठेही आडवं छेदलं, तर त्यात फार तर पंधरा-वीस केस भरतील. गिरणीतल्या यंत्रावर लोकरीचं सूत काढायचं, तर साधारण पस्तीस-चाळीस केस तरी एका ठिकाणी असावे लागतात, नाहीतर सूत यंत्राच्या ओढीने तुटतं. हे अंतर नीट लक्षात घ्या. हाताने कातलेलं सूत यंत्राच्या सुतापेक्षा भावनेच्या दृष्टीने बरं, असं मी म्हणत नाही. त्या काळच्या यंत्राला ते काढता येत नव्हतं, एवढंच म्हणतो. यंत्र एका ठरलेल्या जोराने ओढतं. बोटाला मात्र इथे केस कमी झाले, जरा थांबू, हे कळतं.

दोन पदर कशासाठी, तेही सांगतो. एकेरी सुतात पीळ जिवंत असतो. सैल सोडलं की ते स्वतःभोवती गुंडाळू लागतं. अशा सुताने विणलं तर वस्त्र एका अंगाला तिरकं जातं. म्हणून दोन एकेरी सुतं घेऊन उलट दिशेने पिळायची. एका पिळाने दुसरा पीळ शांत होतो. चौरस शाल चौरस राहते ती या समतोलामुळे. विणणारीच्या हातात सूत यायच्या आधीच शालीचा आकार ठरलेला असतो, असं मी म्हणतो ते याच अर्थाने.

विणकाम तर थक्क करणारं आहेच. कमरेला चामड्याचा पट्टा, त्यात घोड्याचे केस भरलेली भोकं-भोकं असलेली गादी, त्या भोकात एक सुई रोवायची म्हणजे हाताला आधार मिळतो आणि वेग येतो. या सुयांना तिथे 'तारा' म्हणत, कारण त्या तारेइतक्याच बारीक. दोन टाके एकत्र विणायचे म्हणजे एक कमी झाला, शेजारी दोरा पुढे घेऊन नवा टाका घालायचा म्हणजे एक वाढला आणि तिथे एक भोक पडलं. जाळीचं सगळं गणित या उण्या-अधिकावर उभं असतं. नमुने कागदावर नव्हते. मांजराचं पाऊल, नेचं, वाळूवर उमटलेली लाटेची खूण, अशी त्यांची नावं. आईने केलेलं बघून लेकीने करायचं. काठाची नक्षी, पट्टी आणि मधला भाग, सगळं असं जोडत जायचं की कुठे जाड शिवण येऊ नये. कारण एक जाड गाठही अंगठीत अडकेल.

शेवटी शाल धुवायची, गंधकाच्या धुरीने पांढरी करायची आणि लाकडी चौकटीवर ताणून वाळवायची. ताणताना प्रत्येक भोक उघडतं. सुतात कुठे दोन इंच जाड राहिलं असेल, तर ते इथे डागासारखं दिसतं. कातणारीची परीक्षा शेवटच्या दिवशी होते आणि तोवर काहीही दुरुस्त करता येत नाही.

आता पैशाकडे येऊ. कारण इथवरचं सगळं कौतुक तेव्हाच्या इंग्रज खरेदीदारांनीही केलं होतं. प्रश्न आहे तो त्या कौतुकाचं बाईच्या घरात काय झालं हा.

लर्विक हे शेटलंडचं मुख्य गाव. तिथले कापडाचे आणि चहाचे दुकानदार या शाली घेत. पण बदल्यात रोकड देत नसत, माल देत. चहा, सुती कापड, झग्याचं कापड. शालीची किंमत इतके शिलिंग, मग तितक्या शिलिंगांचा माल उचला. आज घ्यायचा नसेल तर चिठ्ठी लिहून देत. ती त्याच दुकानात चालायची. दुकानदारांचं म्हणणं असं की आम्हाला शालीत काही सुटतच नाही, नफा होतो तो आम्ही दिलेल्या मालात. विचार करा, म्हणजे बाईने वस्तू विकताना ती व्यापारी ठरत नव्हती, त्या दुकानाचं गिऱ्हाईकच ठरत होती. या पद्धतीला इंग्रजीत 'ट्रक' म्हणत. मोटारीशी या शब्दाचा संबंध नाही, अदलाबदल असा त्याचा जुना अर्थ.

१८७२च्या जानेवारीत सरकारने विल्यम गथ्री नावाच्या वकिलाला चौकशीला पाठवलं. त्याने बेटांवर बसून हजारो प्रश्न विचारले आणि प्रश्नोत्तरं शब्दशः छापली गेली. गरीब विणकऱ्या बायकांची साक्ष, नावानिशी, त्यांच्याच उत्तरांत, अशी नोंद त्या काळात दुर्मीळ आहे. त्यातून जे चित्र दिसतं ते असं. ज्यांच्या घरी थोडं शेत होतं त्यांचं निभावायचं. पण लर्विकमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या एकट्या बायकांना भाडं आणि पीठ लागायचं. दुकानात पीठ मिळत नसे, चहा मिळत असे. मग चहाची पुडी घेऊन दारोदार जायचं, ती कमी किमतीला देऊन कुणाकडून पीठ घ्यायचं. अंगावर चांगला कपडा आणि पोटात काही नाही, अशी अवस्था साक्षींमध्ये पुन्हा पुन्हा येते.

आणि या सगळ्यात एक वस्तू वेगळी होती. ती म्हणजे सूत.

शाल देऊन बाईला चहा मिळे, कापड मिळे, पण पुढची शाल विणायला सूत द्या म्हटलं तर दुकानदार नकार देई. सूत ही रोखीची वस्तू मानली जायची. बारीक सूत कातणाऱ्या बायका मोजक्या होत्या आणि त्या नगद पैसे मागत, आणि त्यांना ते मिळतही. म्हणजे गंमत बघा. दोन-चार महिने खपून विणलेली शाल पैसा नव्हती, आणि त्या शालीचं सूत मात्र पैसा होतं.

असं का झालं असेल? विणणाऱ्या हजारो होत्या. जवळजवळ प्रत्येक बाई विणत होती, चालताना, पाठीवर पीटची टोपली असतानाही विणत होती. जे सगळ्यांना येतं त्याचा भाव पडतो. अंगठीतून जाणाऱ्या शालीचं सूत मात्र फार थोड्या जणींना काढता येत होतं, आणि ते गिरणीतून मागवता येत नव्हतं. दुकानदाराला तिच्यावाचून पर्याय नव्हता. ज्या हाताला पर्याय नसतो, त्या हातावर पैसा ठेवावाच लागतो.

यातून बायकांचे तीन वर्ग झाले. पहिला, दुकानदाराचं सूत घेऊन नुसतं विणून देणारीचा. तिला विणण्याची मजुरी, तीही मालात. शाल तिची नव्हतीच, कुठे विकायची हे ती ठरवू शकत नव्हती. दुसरा, रोख देऊन सूत विकत घेणारीचा. पण रोख आणायची कुठून, हा तिचा प्रश्न. तिसरा, स्वतःच्या घरात कातणारीचा. मेंढी घरची किंवा लोकर मागून आणलेली, पुष्कळदा म्हातारी आई कातायची आणि लेकी विणायच्या. ही शाल पहिल्या केसापासून त्यांची. ती या दुकानात द्यायची, त्या दुकानात द्यायची, की उन्हाळ्यात बोटीने येणाऱ्या प्रवाशाला रोखीने द्यायची, हे त्या ठरवू शकत. दर वेळी जमायचंच असं नाही, पण निदान भाव करायला जागा होती.

मी सुरुवातीला म्हटलं की न्यायाच्या उदाहरणात सूत आधीच तयार असतं. आता त्याचा व्यवहारातला अर्थ पाहा. ज्या बाईच्या हातात सूत तयार येतं, ती त्या वस्तूत निमित्त कारण होऊन बसते. माग, धोटा यांच्या रांगेत. आणि निमित्त कारणाचं लक्षण काय? कार्य झालं की ते बाजूला होतं. घडा झाला की कुंभाराचा दंड कोपऱ्यात. जिच्या हातून सूत निघतं तिला असं सहज बाजूला करता येत नाही, कारण तिची बोटं वस्तूतच शिल्लक राहतात. तर्कशास्त्राच्या काटेकोर भाषेत हे विधान चालणार नाही, याची मला कल्पना आहे. बोटं म्हणजे समवायी कारण नव्हेत. पण श्रमाच्या इतिहासात हा भेद खरा आहे, आणि लर्विकच्या दुकानदाराला तो तर्कसंग्रह न वाचताही कळत होता.

कायदा पुढे आला. १८८७च्या दुरुस्ती कायद्याने घरी बसून लोकरीच्या लहान वस्तू विणणाऱ्यांनाही पैशातच मोबदला मिळाला पाहिजे, असं ठरलं. कागदावर बाई जिंकली. तरी मालाच्या बदल्यात माल ही रीत पुष्कळ वर्षं चालूच राहिली, कारण त्या बेटावर दुसरं गिऱ्हाईक कोण होतं?

आणि दरम्यान सूतही हातातून निघून गेलं. लोकर बोटीत भरून मुख्य भूमीवरच्या गिरण्यांकडे पाठवायची आणि सूत होऊन परत यायचं, असं सुरू झालं. हे सूत जाड होतं, पण स्वस्त आणि एकसारखं. आता यात रडण्यासारखं काय, असं कुणी विचारेल. मीही सगळ्याच गोष्टीत रडत नाही. रात्र-रात्र मिणमिणत्या दिव्याजवळ बसून डोळे खराब करून घेणाऱ्या बाईला गिरणीचं सूत मिळालं, तर तिने ते का घेऊ नये? मोज्यांना, स्वेटरला ते उत्तमच होतं. नुकसान कुठे झालं ते नेमकं पाहिलं पाहिजे. अंगठीतून जाणारी शाल विणायचं ज्ञान टिकलं, कारण नमुने पुढे कागदावर उतरले, शाळांतून शिकवले गेले. कातायचं ज्ञान कागदावर उतरत नाही. किती केस सोडायचे हे लिहिता येत नाही, ते बोटाला बोटाकडूनच शिकावं लागतं. एक पिढी मध्ये रिकामी गेली की साखळी तुटते. आज लर्विकच्या संग्रहालयात आणि अन्स्टच्या वारसा केंद्रात त्या जुन्या शाली आहेत. तज्ज्ञ विणकऱ्या त्या बघून नमुना हुबेहूब उतरवतात. पण तशीच शाल करायची तर तसंच सूत लागतं, आणि ते कातू शकणारी माणसं तिथेही विरळाच.

अलीकडे जगभर हौशी मंडळी पुन्हा चरख्याकडे वळली आहेत. शेटलंडमध्ये २०१०पासून दरवर्षी लोकरीचा आठवडा साजरा होतो, दूरदूरहून लोक येतात. स्वतः कातलेल्या सुताची अंगठीतून जाणारी शाल करायची, असा दोन-तीन वर्षांचा संकल्प काही जण सोडतात. मला याचं कौतुक आहे. मात्र एक फरक विसरू नये. आजची बाई किंवा आजचा गृहस्थ हे काम निवडतो. तुटलं तर हसून पुन्हा जोडतो. अन्स्टच्या बाईच्या हातात सूत तुटत होतं तेव्हा त्या आठवड्याचं पीठ त्याला बांधलेलं होतं. शालीचं सौंदर्य दोघींचं सारखं असेल, दोघींच्या श्रमाचा अर्थ सारखा नाही.

म्हणून हस्तकलेवर बोलताना मला दोन टोकं टाळावीशी वाटतात. एक टोक म्हणजे हाताचं ते पवित्र आणि यंत्राचं ते भ्रष्ट, असं म्हणून डोळे मिटणं. या पावित्र्यात चहाची पुडी घेऊन दारोदार फिरणारी बाई दिसत नाही. दुसरं टोक म्हणजे हे सगळं गरिबीचं काम होतं, गेलं ते बरं झालं, असं म्हणणं. त्यात ते पंधरा-वीस केस एकसारखे सोडत जाणारी बुद्धी दिसत नाही. ती बुद्धीच होती. आपण बोटांतल्या ज्ञानाला सवय म्हणतो आणि तोंडातल्या ज्ञानाला विद्या म्हणतो, हा आपला जुना रोग आहे. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना तो जरा जास्तच जडलेला असतो.

अँडरसनचं एक काम सांगून थांबतो. आगबोटींच्या धंद्यात पैसा मिळवल्यावर त्याने लर्विकमध्ये शाळा बांधली, आणि १८६५मध्ये समुद्रात गेलेल्या खलाशांच्या विधवांसाठी घरं बांधली. भला माणूस होता. राणीकडे मोजे नेणाराही तोच. पण मोजे राणीपर्यंत पोचले, शाली लंडनच्या दुकानापर्यंत पोचल्या आणि तरी सात वर्षांनी गथ्रीसमोर बायका पिठाबद्दलच बोलत होत्या. वस्तूला मान मिळाला म्हणजे ती करणारीला दाम मिळतोच असं नाही. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत, आणि त्यांची गाठ कुठे पडते हे पाहायचं असेल, तर तयार वस्तूकडून मागे मागे जात सुतापर्यंत यावं लागतं.

पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर एखादी तलम शाल उलगडली, पैठणी उलगडली, तर नक्षीचं कौतुक जरूर करा. त्यानंतर एकच प्रश्न विचारा. हे सूत कुणाचं? उत्तर मिळालं, तर त्या वस्तूचा अर्धा इतिहास तुमच्या हाती आला असं समजा.